मागचे सत्तर मिलीमीटर

शेजारणीच्या दारात उभं राहून तिला तिचं वजन विचारणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो. धारूरकर काका.

दुपारी एकची वेळ होती. मी एका शाळेत क्लार्क आहे, सकाळची शाळा करून नुकतीच घरी आले होते आणि तव्यावर पोळी होती. बेल वाजली म्हणून दार उघडलं तर काका. हातात वही, कानावर पेन्सिल.

"मॅडम, आपलं वजन किती?"

एरवी काका मला सुनीता म्हणतात. मॅडम म्हणाले की ते ड्यूटीवर आहेत असं समजायचं. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, ती गोष्ट वेगळी.

"कशाला पाहिजे?"

"एक नोंद करायचीय."

"बावन्न," मी सांगून टाकलं. पोळी करपत होती, आणि बावन्न हा आकडा मला लग्नापासून आवडतो.

काकांनी लिहिलं नाही. पेन्सिल परत कानावर ठेवली. "सांगितलेलं मी धरत नाही. खाली काटा ठेवलाय. दोन मिनिटं येता का?"

मी दार लावून घेतलं. जरा जोरातच.

काका वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. जन्मभर दुकानदारांचे काटे तपासले, मापांवर शिक्के मारले. आता माझं माहेर वैजापूरचं, वडलांची कांद्याची अडत. वजनमापवाला आला म्हटलं की वडील आधी घाम पुसायचे, मग चहा सांगायचे. काटा चोख होता हो आमचा, तरीसुद्धा. तेव्हापासून वाकून काटा बघणाऱ्या माणसाचा मला लई संशय येतो. आणि देवानं नेमका तसला माणूस माझ्या दारासमोर आणून ठेवला.

घरात बिस्किटाचा पुडा आला की काकांकडं तो आधी काट्यावर जातो, मग डब्यात. उन्हाळ्यात सोसायटीत पाण्याचा टँकर शिरला की काका बांबू घेऊन हजर. बांबूवर लाल रंगाच्या खुणा केलेल्या. टँकरवर चढून ते बांबू आत बुडवतात आणि ओला भाग उन्हात धरून वाचतात. टँकरवाला तोवर कपाळाला हात लावून बसलेला असतो.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "पुढून ठीक आहे. मागून दाखवा." टोमॅटोचा ढीग असो, औषधाची बाटली असो, सोसायटीच्या मीटिंगची नोटीस असो. माझ्या भाच्याला मुलगी बघायला गेलो तेव्हा वडीलधारे म्हणून काकांना बरोबर नेलं, ही माझीच चूक. कांदेपोहे संपले तरी काका दिसेनात. शोधलं तर त्या लोकांच्या मागच्या अंगणात, मोरीपाशी उभे. "पुढचं काय, पुढचं डोळ्यासमोर असतं," मला म्हणाले. "गडबड मागं होते." स्थळ जमलं, पण मुलीची आई अजून विचारते की ते गृहस्थ कोण होते.

इथवर मी हसून सोडून देत होते. सायकल आली आणि माझं डोकं फिरलं.

त्याचं कारण प्रभाकाकू. काकांची बायको. दोन वर्षांपूर्वी श्रावणी सोमवारी दोघं वेरूळला दर्शनाला गेले होते, स्कूटरवर. येताना खड्डा आला. काकू मागून म्हणाल्या, "अहो, खड्डा आहे, बघून." काका म्हणाले, "दिसतोय. काही होत नाही, बस तू." त्यांनी हँडल वळवून पुढचं चाक वाचवलं. मागचं चाक गेलं खड्ड्यात. काका जागेवरून हललेसुद्धा नाहीत, आणि काकूंच्या मणक्याला असा दणका बसला की तीन महिने बिछाना धरला. घरी आल्यावर त्या शांतपणे एकदाच म्हणाल्या, "आता तुमच्या मागं मी बसणार नाही." आठवड्यात काकांनी स्कूटर काढून टाकली.

काकू पुढं बऱ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हिंडाफिरा, सायकलसुद्धा चालवा, फक्त गचके बसू देऊ नका. पण काकूंनी धसका घेतला तो घेतलाच. रिक्षात बसत नाहीत, गाडीत बसत नाहीत. जिना उतरायचा, गेटपर्यंत जायचं आणि परत. गेटबाहेरचं शहर त्यांच्यासाठी संपलं. भाजी मी आणते. मेथीची जुडी हातात घेऊन त्या रोज म्हणतात, "जून आणलीस गं." ब्लाउज शिवायचं तर शिंप्याकडं मापाला माझं ब्लाउज जातं, आमची अंगकाठी एक आहे म्हणून. लग्नाआधी ही बाई पैठणला रोज सायकलवर शाळेत शिकवायला जायची. सायकल धरून उभ्या असलेल्या काकूंचा तेव्हाचा फोटो अजून त्यांच्या बैठकीत आहे.

अशी बायको घरात बसलेली, आणि हा सहासष्ट वर्षांचा माणूस स्वतःला खेळायला डोंगरात चालवायची सायकल आणतो! माझं तर अंगच पेटलं.

काय ती सायकल! म्हशीच्या पायाएवढे जाड टायर. पुढं दोन नळ्या, चाक दबलं की खालची वरच्यात शिरते. मागं सीटखाली एक हवेचा शॉक, त्यानं मागचं चाक वरखाली होतं. दांड्यावर छापलेलं होतं, पुढं एकशे तीस, मागं एकशे वीस. म्हणजे खड्ड्यात पुढचं चाक एकशे तीस मिलीमीटर दबणार आणि मागचं एकशे वीस. हे मला काकांनीच समजावलं, मी विचारलं नसताना.

आणि अर्थातच छापलेल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी काका पार्किंगमध्ये उकिडवे बसले, हातात मोजायची पट्टी. पुढचं मोजलं. बरोबर एकशे तीस. मग मागचा शॉक मोजला आणि ताडकन उठले.

"पन्नास! नुसता पन्नास मिलीमीटर दबतो हा. सत्तर मिलीमीटर कुठं गेले?"

मी स्कूटी लावत होते. म्हटलं, "काका, पुढचं बरोबर आहे ना? मग झालं."

"पुढचं काय करायचंय मला!" काका एवढ्या जोरात ओरडले की वॉचमन गायकवाड खुर्चीतून उठला. "पुढचं हातात असतं. गचका मागं बसतो. बसणाऱ्याला!"

हा माणूस टोमॅटोवरून कधी असा ओरडला नव्हता.

दुकानदाराचं नाव इम्रानभाई. चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. त्यानं फोनवर सांगितलं, "काका, कसम से, मागं एकशे वीस आहे. शॉक कम दबता, चाक ज्यादा उठता. पंधरा दिवस ठेवा, पटलं नाय तर आणून द्या." काकांनी भिंतीवर खडूनं पंधरा रेघा मारल्या आणि रोज सकाळी एक खोडायला लागले. सत्तर मिलीमीटर सापडले तर सायकल राहणार, नाही तर परत.

त्या दिवसांत मी काकांवर नजर ठेवली. का नाही ठेवणार? सगळंच संशयास्पद होतं. सायकल त्यांना लहान होती, चालवताना गुडघे हँडलला लागायचे. गेटजवळच्या स्पीडब्रेकरवरून गेले की मागून ठक्क आवाज यायचा. मी म्हटलं, "त्या शॉकमध्ये हवा भरा की जरा." तर म्हणाले, "माझ्यासाठी नाही भरायची." मग कुणासाठी? लगेच तोंड मिटलं.

एक दिवस बघते तर सीटवर ज्वारीचं पोतं बांधलेलं. काका त्याला मिठी मारून उभे, गायकवाड हँडल धरून. पोत्यावर पन्नास किलो छापलं होतं. काकांनी ते आधी काट्यावर घातलं होतं आणि खडूनं खाली लिहिलं होतं, एकोणपन्नास किलो चारशे. शॉकच्या दांडीवर एक काळी रबरी कडी असते. पोतं बसलं की ती खाली सरकते आणि तिथंच राहते. ती किती सरकली ते काकांनी वहीत मांडलं. मग पोत्यात चार किलो तांदूळ घातला, परत मांडलं. मग आणखी चार.

साधारण पन्नास, चोपन्न, अठ्ठावन्न. काका स्वतः चांगले अठ्ठ्याहत्तर किलोचे. मग पन्नास-साठ किलोचं कोण बसणार होतं या सायकलवर?

आता सांगायला लाज वाटते, पण माझ्या डोक्यात जे यायचं तेच आलं. माणूस सहासष्टचा झाला म्हणून काय झालं? सकाळी बागेत फिरायला जातो. तिथं बायका येतात. आणि वजन विचारायची सवय याला आहेच! मी काकूंना काही बोलले नाही. फक्त मेथी देताना त्यांच्याकडं जरा जास्तच मायेनं बघितलं. त्या म्हणाल्या, "तुला बरं नाही का गं?"

मंगळवारी दुपारी खाली गेले तर सायकलीला कुलूप नव्हतं. काकांच्या सायकलीला कुलूप नाही म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवलेला. आजूबाजूला कुणी नव्हतं, गायकवाड जेवायला गेलेला. एवढं आहे तरी काय या सायकलीत, बघावं म्हणून मी ओढणी खोचली आणि चढले. भिंतीला हात टेकून नीट बसले. मागची बाजू हळूच खाली गेली आणि मला सांभाळून धरलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जरा वेळ तशीच बसून मी उतरले आणि घरी येऊन चहा प्याले.

संध्याकाळी काकांची फेरी सुरू झाली. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दारात. "सायकलीवर कुणीतरी बसलं होतं. कडी सरकलीय. पंचावन्न ते साठ किलो वजनाचा इसम."

माझ्या दारात आले तेव्हा मी बावन्न किलोचा चेहरा करून उभी राहिले. काका वहीत बघत म्हणाले, "तुमचा प्रश्नच येत नाही, मॅडम. तुम्ही बावन्न." आणि गेले.

तेराव्या दिवशी पंचनामा झाला. हो, पंचनामाच. इम्रानभाईला बोलावून घेतलं, पंच म्हणून मी आणि गायकवाड. काकांनी मजकूर आधीच लिहून आणला होता. "आम्ही खाली सही करणारे पंच सोसायटीच्या पार्किंगमध्ये समक्ष हजर राहून लिहून देतो की..." गायकवाड घाबरून म्हणाला, "साहेब, यात मला काय होणार नाय ना?"

इम्रानभाईनं डोक्याला हात लावला. मग एकदम उठून सोसायटीच्या गेटपाशी गेला. "काका, इकडं या. बिजागरीजवळ हात लावा. दोन बोटं ढकला." काकांनी ढकललं. गेटचं दुसरं टोक हातभर फिरलं. "बस, हेच आहे. शॉक बिजागरीजवळ आहे, चाक टोकाला. शॉक पन्नास, चाक एकशे वीस."

काका गेटकडं बघत राहिले. पण गेट हा काही पुरावा नव्हे. त्यांनी शॉकमधली हवा काढली. सीटच्या दांड्यापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत पट्टी लावून मोजलं. मग इम्रानभाई आणि गायकवाड दोघांनी सीट पार खाली दाबून धरली, आणि काका जमिनीला गाल टेकवून परत मोजायला लागले. एकदा, दोनदा, तीनदा. मी हातात वही धरून उभी होते.

"लिहा," काका म्हणाले. "एकशे अठरा."

"म्हणजे दोन कमी," मी म्हटलं. मला वाटलं आता इम्रानभाईचं काही खरं नाही.

"दोन मिलीमीटर तूट," काका म्हणाले. "किरकोळ. लिहा, किरकोळ."

किरकोळ! टँकरमध्ये चार बोटं पाणी कमी निघालं तर जो माणूस सोसायटी डोक्यावर घेतो, तो म्हणतो किरकोळ. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत पुसला. इम्रानभाईचा हात हातात घेऊन ते बराच वेळ हलवत राहिले. जन्मात पहिल्यांदा हा माणूस चुकीचा ठरला होता आणि एवढा खूश? पाणी कुठंतरी मुरतच होतं. इम्रानभाई गेला, गायकवाड गेटवर गेला, तशी मी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिले.

"काका, आता खरं सांगा. ही सायकल कुणासाठी आणली? कोण आहे ती?"

काकांनी आधी वर आपल्या गॅलरीकडं बघितलं. काकूंची साडी वाळत होती. "हळू बोल," ते म्हणाले. मॅडम गेली, सुनीता परत आली. "तुझं आणि तिचं ब्लाउज एका मापाचं ना? शिंप्यानं सांगितलं मला."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पडला तेव्हा मला माझीच लाज वाटली. बागेतल्या बायका, आणि काय काय!

"मग काकूंनाच विचारायचं ना वजन."

"विचारलं तर ती म्हणणार, कशाला. मग सांगावं लागणार." काका सीटवर हात ठेवून उभे होते. "एकदा सांगितलं होतं ना मी. काही होत नाही, बस तू, म्हणालो. त्या शब्दावर बसली होती ती, सुनीता. पुढचं चाक मी वाचवलं. माझं मी वाचवलं. मागं कोण बसलंय ते बघितलंच नाही." मग म्हणाले, "आता सांगणार नाही. मोजलेलं तिच्यापुढं ठेवीन. बसायचं की नाही, तिचं ती ठरवेल."

सांगितलेलं मी धरत नाही, असं हा माणूस जगाला ऐकवत फिरत होता, आणि मला वाटायचं त्याचा जगावर संशय आहे. त्याला स्वतःच्याच शब्दाची भीती बसली होती.

आणि मग मला माझा आकडा आठवला. शॉकमध्ये हवा भरायची ती बसणाऱ्याच्या वजनाची. कमी भरली तर मागचं पार बुडाला टेकतं, ठक्क. काकू आणि मी एका अंगाच्या. आणि मी सांगितले होते बावन्न.

"काका," मी म्हणाले, "एक सांगायचंय. माझं वजन अठ्ठावन्न आहे."

काकांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. मंगळवारच्या पानावर लिहिलेलं होतं, अठ्ठावन्न. खाली रेघ मारलेली.

"तू काट्यावर येणार नाहीस हे दारातच कळलं होतं मला. म्हणून कुलूप काढून ठेवलं. म्हटलं, ही बसल्याशिवाय राहायची नाही. स्वभाव संशयी आहे तुझा."

संशयी म्हणे! डोंबल!

रविवारी सकाळी काकूंनी पंचनामा वाचला. माझ्यासमोरच, गॅलरीत बसून, सगळा, सह्यांसकट. "दोन मिलीमीटर कमी आहे की हो," एवढंच म्हणाल्या. मग आत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांनी माझा निळा पंजाबी ड्रेस घातला होता. मागच्या दिवाळीला दिलेला. अगदी बेतल्यासारखा बसला होता.

खाली सायकलीजवळ त्या थांबल्या. सीटवरून हात फिरवला. "काही होणार नाही ना?"

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता म्हणतील. माझ्यासुद्धा ओठांवर आलं होतं, काही होत नाही काकू, बसा. काकांनी तोंड मिटलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "मागचं एकशे अठरा दबतं. हवा तुझ्या वजनाची भरलीय. एवढंच मोजलंय मी."

"आणि तुम्ही?"

"मी मागून येतो."

काकूंनी ओढणी खोचली. मग पाय टाकून बसल्या. पहिल्या चार पायडलांना सायकल इकडं तिकडं झाली, आणि मग पैठणची मास्तरीण एकदम सरळ झाली. गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर पुढचं चाक दबलं, मागचं दबलं, वर आलं. काकूंची पाठ ताठच. ठक्क झालं नाही. दोन वर्षांनी ती बाई गेटबाहेर गेली, आणि गायकवाडनं उगीचच सलाम ठोकला.

मागून काका, गायकवाडच्या जुन्या काळ्या सायकलवर. तिला ना पुढं काही, ना मागं. प्रत्येक दगडाला काका उडत होते. मी गेटपर्यंत पळत गेले. कोपऱ्यावर रस्ता खणलेला आहे, तिथून काकू वळसा घालून गेल्या आणि मागं न बघता ओरडल्या, "अहो, खड्डा आहे, बघून!"

मी कान टवकारले. दिसतोय, असं उत्तर येईल म्हणून.

आलं नाही. कुणाचं सांगितलेलं न धरणाऱ्या धारूरकर काकांनी मुकाट्यानं ब्रेक दाबला, सायकलवरून उतरले आणि खड्ड्याला वळसा घालून सायकल हातानं नेली. मग परत चढून बायकोच्या मागं गेले.

तासाभरानं माझ्या दाराची बेल वाजली. काकू होत्या. केस विस्कटलेले, चेहरा लाल. "घे," म्हणाल्या, आणि मेथीची जुडी माझ्या हातात दिली. पुढून ठीक होती. मागून मी बघितली नाही. तशीच निवडायला घेतली.